रकाना चौदा

कॅशलेसच्या खिडकीत माझी बाजू काचेच्या आतली.
काचेला खाली भोक आहे, बशीएवढं,
त्यातून लोक गुडघा, पित्ताशय, किडनी
आत सरकवतात, आधारच्या झेरॉक्ससकट.

अकरा वाजता भरमाणा होनगेकर.
उद्यमबागेत फाउंड्री, मोल्डर, सत्तावीस वर्षं.
कंपनीची पॉलिसी, पाच लाख, बायको धरून.
क्रिएटिनिन चार पॉइंट एक.
बाकावर बसलाय, पाय सुजलेले,
चपला हातात.

फॉर्म इंग्रजीत, मी विचारते मराठीत,
रांगेतला मागचा म्हणतो, बेग माडरी मेडम.
रकाना तेरा, तंबाखू?
"थोडी."
थोडीला चौकोन नाही. मी होय करते.
रकाना चौदा. चिठ्ठीशिवाय घेतलेली औषधं,
आयुर्वेदिक, होमिओपॅथी, इतर काही?
"काय नाही," तो म्हणतो,
"गोळ्या खायला आजारी कुठं होतो मी?"

त्यावर शेवंतानं, म्हणजे त्याच्या बायकोनं,
शहापूरच्या साडीदुकानाची पिशवी
त्या भोकातून आत ढकलली. मावेना,
तर एकेक वस्तू काढून.

कंबरेची पांढरी गोळी, आठवड्याला दोन पाकिटं.
मच्छेच्या मेडिकलवाल्याला नाव सांगावं लागत नाही,
कंबरेवर हात ठेवला की तो कात्री उचलतो.
वडगावच्या डॉक्टरांची साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची बाटली,
झाकणावर पेनानं, स. दु. सं.
खानापूरच्या पलीकडचा काढा,
पाण्याच्या बाटलीत, तळाला बोटभर गाळ.
देणारा पैसे घेत नाही, नारळ घेतो.
शेवटी वर्तमानपत्राची पुडी, आत तपकिरी भुकटी.
ही कशाची?
"निपाणीच्या वन्संना गुण आला हुता."

विचारायला नको होतं, तरी विचारलं,
कार्ड असताना हे सगळं कशाला?
"कार्ड हाय की," ती म्हणाली,
"पण ते आडवं पडल्यावर चालतंय, बाई.
उभ्या माणसाला त्याचा काय उपेग?
दवाखान्यात गेलं तर खाडा,
गोळी घेतली तर पाळी भरते.
दहा रुपयाला एक पाळी."
भरमाणा दुसरीकडे बघत होता,
टोकन नंबरच्या लाल आकड्यांकडे.

मी पेन धरून बसले.
लिहिलं, तर चार दिवसांनी बंगळूरहून मेल येईल,
त्यात सभ्य शब्द असतील, रक्कम नसेल.
नाही लिहिलं, तर वर डॉक्टर
सुजलेल्या पायांत कारण शोधत बसतील.
माझ्या ड्रॉवरमध्ये तीच पांढरी गोळी आहे,
अर्धी पट्टी, कात्रीनं कापलेली,
नाव कापलेल्या भागात गेलं.
बसून बसून मान धरते.

पिशवी पुन्हा भरायला लावली.
म्हटलं, हे मी बघितलेलं नाही.
पहिल्या मजल्यावर जा, डावीकडे,
डॉक्टरांच्या टेबलावर सगळं ओता,
एकही ठेवू नका, पुडीसुद्धा.
आणि काढा हलवून दाखवा.
"रागावतील की."
रागावू देत.

रकान्यात लिहिलं,
रुग्णाच्या सांगण्यानुसार, नाही.
हे खोटं नाही.
खऱ्यापासूनही ते बरंच लांब आहे,
मुतग्यापासून निपाणीएवढं असेल.

जेवणाच्या सुट्टीत वरून फोन.
डॉक्टर हुबळीकडचे, मराठी समजतं, बोलत नाहीत.
आ पुडियाग एनैती? त्या पुडीत काय आहे?
मी शेवंताकडून नंबर घेतला,
निपाणीला लावला.
पलीकडे तंबाखू निवडणाऱ्या बायकांचा कालवा,
मग वन्सं, मोठ्यानं,
"कशाची म्हणजे? गुण येतो त्याची.
दादा उठून बसला का?"